उडी, कॅमेरा आणि ताळेबंद

डिसेंबर 2024 मध्ये लॉस एंजेलिस येथे व्हिडिओ गेमच्या व्यवसायातील सर्वांत गाजणारा वार्षिक पारितोषिक-समारंभ झाला, त्यात वर्षातील सर्वोत्कृष्ट खेळाचा मान सोनी कंपनीच्या ‘अ‍ॅस्ट्रो बॉट’ या खेळास मिळाला. आणि ज्यांनी या धंद्याचे जमाखर्च जवळून पाहिले आहेत अशा मंडळींना या निर्णयाने आनंदित केले, तसे कोड्यातही पाडले. कारण हा खेळ ना घनघोर युद्धाचा, ना गुन्हेगारीचा, ना शंभर-शंभर तास चालणाऱ्या एखाद्या महाकथेचा. एक पांढराशुभ्र चिमुकला यंत्रमानव धावतो, उड्या मारतो, दोरीला लोंबकळतो, हरवलेल्या आपल्या सोबत्यांना शोधून काढतो, आणि दहा-बारा तासांत सारा मामला आटोपतो. त्याच मानासाठी त्याच्याबरोबर ‘ब्लॅक मिथ: वुकाँग’ हा चिनी खेळही उभा होता, ज्याच्या पहिल्या महिन्याभरात 2 कोटी प्रती खपल्या होत्या, ‘अ‍ॅस्ट्रो बॉट’च्या पहिल्या दोन महिन्यांतील प्रती होत्या 15 लाख. वुकाँग संगणकावरही खेळता येतो आणि अ‍ॅस्ट्रो केवळ एका कन्सोलवर, म्हणजे टीव्हीला जोडावयाच्या खेळयंत्रावर, हे ध्यानात घेऊनसुद्धा अंतर उरतेच. ज्या प्रकारचे खेळ परीक्षकांना, मुलांना आणि जुन्या रसिकांना एकाच वेळी प्रिय असतात, ते विक्रीच्या खातेवहीत मात्र बहुधा मधल्या पानांवर का सापडतात, आणि हा प्रकार उद्या मोठ्या लोकप्रियतेला व किफायतीला पोचू शकेल काय, हा प्रश्न म्हणूनच विचार करण्याजोगा आहे.

ज्यांचा या करमणुकीशी संबंध आला नाही अशा वाचकांसाठी थोडी पूर्वपीठिका सांगणे अगत्याचे आहे. ज्या खेळात शत्रूवर नेम धरणे किंवा गाडी हाकणे हे मुख्य कर्म नसून एका फळीवरून दुसऱ्या फळीवर, एका कड्यावरून दुसऱ्या कड्यावर उडी मारीत पुढे जाणे हेच मुख्य कर्म असते, त्यास या धंद्यात प्लॅटफॉर्मर म्हणतात. जपानच्या निन्टेन्डो कंपनीने 1981 साली ‘डाँकी काँग’ आणि 1985 साली ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ हे खेळ बाजारात आणले, आणि शिगेरू मियामोतो या कल्पक माणसाने निर्मिलेला तो मिशाळ कारागीर जगातील घरोघरी पोचला. आपल्याकडेही नव्वदीच्या दशकात कॅसेट घालून टीव्हीला जोडण्याची जी स्वस्त यंत्रे मिळत, त्यांवर मारिओ खेळलेली एक पिढी आज चाळिशीत आहे. या सर्व खेळांत जग भिंतीवरच्या चित्रासारखे सपाट होते: डावीकडून उजवीकडे जायचे, वर उडायचे, खाली पडायचे. खड्डा किती रुंद आहे हे नजरेला नेमके कळत असे, आणि उडी चुकली तर दोष कोणाचा याबद्दल खेळणाऱ्याच्या मनात संदेह उरत नसे. खेळणाऱ्याने स्वतःस दोष द्यावा, यंत्रास देऊ नये, या न्यायावर त्या साऱ्या करमणुकीची इमारत उभी होती.

नव्वदीच्या दशकाच्या मध्यास यंत्रांना त्रिमित आकृत्या रंगविण्याचे सामर्थ्य आले आणि हा न्याय एकाएकी डळमळला. सपाट पडद्यावर खोली दाखविता येते, पण भासवलेली खोली मापता येत नाही. समोरचा दगड चार हातांवर आहे की सहा, हे दोन डोळ्यांना प्रत्यक्षात जे सहज कळते, ते पडद्यापुढे बसलेल्या माणसास कळत नाही; आणि उडीचा खेळ तर अंतराच्याच अंदाजावर चालणारा. त्यात पुन्हा पाहणारा डोळा, म्हणजे खेळातील कॅमेरा, कोठे ठेवावा हा प्रश्न. पाठीमागे ठेवला तर नायकाचीच पाठ वाट अडविते. उंच ठेवला तर कड्याची उंची लोपते. आणि नायक भिंतीला पाठ लावून उभा राहिला तर कॅमेऱ्याने भिंतीत शिरावे की काय करावे, हे कोणासच ठाऊक नव्हते. 1996 साली आलेला ‘बब्सी थ्रीडी’ हा खेळ या गोंधळाचा इतका नमुनेदार दाखला ठरला की व्हिडिओ गेमच्या इतिहासात त्याची आठवण आजही केवळ उपहासाने काढली जाते.

त्याच वर्षी जून महिन्यात निन्टेन्डोने ‘सुपर मारिओ 64’ प्रसिद्ध केला, आणि या प्रश्नांची जी उत्तरे त्यात सापडली ती पाहिली म्हणजे मियामोतो आणि त्याच्या सहकाऱ्यांच्या कारागिरीविषयी आदर वाटल्याखेरीज राहत नाही. डोंगर, किल्ले, शत्रू यांपैकी काहीही रचण्यापूर्वी त्यांनी एक साधी खोली बनविली, त्यात मारिओला सोडले, एक ससा सोडला, आणि त्या सशामागे नुसते धावणेच जोवर सुखाचे वाटत नाही तोवर पुढचे काम हाती न घेण्याचा शिरस्ता पाळला. कंट्रोलरवर अंगठ्याने हलविण्याची एक लहानशी दांडी बसविली. ती किंचित कलविली तर मारिओ चवड्यांवर चालतो, अधिक कलविली तर चालू लागतो, पुरती दाबली तर धावत सुटतो. उडी कोठे उतरणार हे समजावे म्हणून सूर्य कोठेही असला तरी मारिओची वाटोळी सावली थेट त्याच्या पायाखालीच पाडली. प्रकाशशास्त्राच्या दृष्टीने हे निखालस खोटे. पण या खोट्यानेच खेळणाऱ्यास खरे अंतर कळले, आणि तेव्हापासून आजतागायत या जातीच्या बहुतेक खेळांनी ते बिनतक्रार उचलले आहे. आणखीही एक प्रेमळ लबाडी या धंद्यात रूढ आहे: कड्याची धार सुटल्यावरही क्षणाचा अल्पसा अंश उडीचे बटण मानले जाते, जेणेकरून किंचित उशीर झालेल्यास आपण वेळेवरच दाबले असे वाटावे.

कॅमेऱ्याचा पेच मात्र त्यांनी लपविला नाही, उलट कथेतच आणून बसविला. ढगावर बसलेले एक पात्र हातात कॅमेरा घेऊन मारिओच्या मागे फिरते आहे असे आरंभीच दाखवून, हा डोळा तुम्हांलाही वळविता येतो, हे नवख्या खेळाडूस समजावून दिले. किल्ल्यापुढच्या बागेत तर एकही शत्रू ठेवला नाही. तेथे झाडावर चढावे, खंदकात पोहावे, कोलांट्या माराव्यात. भय नाही, घाई नाही. माझ्या मते त्रिमित प्लॅटफॉर्मरचे सारे रहस्य या बागेत आहे. येथे खेळणारा कथेसाठी किंवा बक्षिसासाठी पुढे जात नाही. आपल्या अंगठ्याच्या हालचालीला एक देह मिळाला आहे या साध्या हर्षासाठी तो तेथे रेंगाळतो. या खेळाच्या सुमारे 1 कोटी 19 लाख प्रती खपल्या.

याच पेचाचे दुसरे आणि अगदी निराळे उत्तर अमेरिकेत शोधले गेले. अँडी गेव्हिन आणि जेसन रुबिन हे नॉटी डॉग कंपनीचे दोन तरुण संस्थापक 1994 साली बॉस्टनहून लॉस एंजेलिसला मोटारीने निघाले, आणि त्या लांबलचक प्रवासात त्यांनी जो बेत शिजविला त्यातून 1996 साली सोनीच्या प्लेस्टेशनवर ‘क्रॅश बँडिकूट’ अवतरला. खेळणाऱ्यास मोकळे रान न देता एका अरुंद वाटेवरून पडद्याच्या आत, आणि कधी मागून गडगडत येणाऱ्या धोंड्यापासून पळताना पडद्याच्या बाहेर, धावायला लावावे ही त्यांची युक्ती. वाट ठरलेली असल्याने कॅमेरा ठरलेला, आणि कॅमेरा ठरलेला असल्याने कोणत्या ठिकाणाहून काय दिसणार याचा हिशेब आधीच करून ठेवता आला, म्हणून त्या काळच्या दुबळ्या यंत्रावरही चित्र भरगच्च उमटले. रसिकांनी त्या काळी मारिओच्या मोकळेपणाची थोरवी गायिली आणि क्रॅशच्या अरुंद वाटेला जरा खालच्या पायरीवर बसविले. पण बाजाराचा न्याय वेगळा असतो. पुढे मोबाइल फोनचा जमाना आला तेव्हा काचेवर बोट फिरवून खेळता येण्यासारखी वाट तीच ठरली. डेन्मार्कमध्ये तयार झालेल्या आणि 2012 साली आलेल्या ‘सबवे सर्फर्स’मध्ये तीनच रूळ, धावणे आपोआप, बोटाने फक्त डावे, उजवे, वर, खाली, जगातील नाना शहरांप्रमाणे त्याची मुंबईची आवृत्तीही निघाली, आणि ज्या मुलांनी कन्सोल कधी हाती घेतला नाही त्यांनी लोकलच्या डब्यात बसून तो खेळला. जगात अब्जावधी वेळा उतरवून घेतलेला हा खेळ फुकट मिळतो, आणि जाहिराती व किरकोळ खरेदीवर पैसा मिळवितो. क्रॅशचा हा दूरचा वंशज म्हणावयास हरकत नाही.

सुरुवातीच्या यशानंतर चार-पाच वर्षे या प्रकाराचा मोठा अंमल चालला. इंग्लंडच्या लेस्टरशायरमधील ट्वायक्रॉस या खेड्यात कारखाना असलेल्या रेअर कंपनीने 1998 साली ‘बँजो-कझूई’ काढला: पाठीवरच्या पिशवीत एक तोंडाळ पक्षीण घेऊन फिरणारे अस्वल, विनोदी संवाद, आणि प्रत्येक प्रदेशात वेचावयाच्या नाना वस्तू. खेळ देखणा होता व खपलाही. पण वस्तू वेचण्याचा जो आनंद त्यात होता त्याचे पुढे व्यसन झाले. त्याच कंपनीच्या 1999 सालच्या ‘डाँकी काँग 64’मध्ये पाच वानरे, प्रत्येकाच्या केळ्यांचा रंग वेगळा, आणि एकाची केळी दुसऱ्यास उचलता येत नाहीत, म्हणजे एकाच गुहेत पाच वेळा पाच वेगळे देह धारण करून शिरायचे. साऱ्या खेळात अशी 3,500 केळी. रचनेचा खर्च वाचवून खेळाचे तास वाढविण्याची ही तजवीज कारकुनी दृष्टीने चोख असेल, परंतु बागेत बागडण्याचा हर्ष तेथे मोजदादीत गुदमरला, आणि लोकांना या प्रकाराचाच वीट येऊ लागला. 2002 साली मायक्रोसॉफ्टने ही कंपनी साडेसदतीस कोटी डॉलरांना विकत घेतली, आणि 2008 साली बँजोचा जो पुढचा खेळ निघाला त्यात उड्यांऐवजी गाड्या जोडण्याचेच काम मुख्य होते.

दरम्यान 2001 साली ‘ग्रँड थेफ्ट ऑटो 3’ने दाखवून दिले होते की एक सबंध शहर खेळणाऱ्याच्या हवाली करता येते, आणि ज्यांच्या हाती पैसा होता त्या विशीतल्या गिऱ्हाइकांना लाघवी अस्वलांपेक्षा बंदुका आणि चोरलेल्या मोटारी अधिक प्रिय वाटू लागल्या. नॉटी डॉगने 2001 मध्ये ‘जॅक अँड डॅक्स्टर’ हा हिरव्यागार बेटांचा खेळ काढला होता. दोनच वर्षांनी त्याच जॅकच्या हाती बंदूक आली, खेळाचा सूर करडा झाला आणि तो काळोख्या शहरात फिरू लागला. 2005 साली टिम शेफर याच्या डबल फाइन कंपनीने ‘सायकोनॉट्स’ काढला. निरनिराळ्या माणसांच्या मनात शिरून त्यांच्या भ्रमांवरून उड्या मारीत जाण्याची ती कल्पना इतकी अपूर्व होती की समीक्षकांनी तिला डोक्यावर घेतले. दुकानांत मात्र प्रती पडून राहिल्या. मजा अशी की 2011 साली विक्रीचे हक्क निर्मात्यांकडे परत आले आणि स्वस्त डिजिटल प्रतींच्या रूपाने त्याच खेळाने पूर्वीच्या दुकानी विक्रीस मागे टाकले. ठसठशीत रेखाटलेली, किंचित व्यंगचित्रासारखी जगे लवकर म्हातारी होत नाहीत, हा या प्रकाराच्या ताळेबंदातला एक दुर्लक्षित पण महत्त्वाचा जमेचा आकडा आहे. हुबेहूब छायाचित्रासारखे दिसू पाहणारे त्या काळचे खेळ आज केविलवाणे दिसतात. ‘क्रॅश’चे पहिले तीन खेळ मात्र नव्या रंगरूपात 2017 साली एकत्र निघाले, तेव्हा त्या संचाच्या एक कोटीहून अधिक प्रती विकल्या गेल्या.

आता खर्चाची बाजू. विस्तीर्ण भूप्रदेशाच्या खेळात एक टेकडी, एक गवताळ रान रचले की घोड्यावरून ते पार करण्यात खेळणाऱ्याची दहा मिनिटे सुखाने जातात, आणि निर्मात्यास त्या दहा मिनिटांसाठी निराळी तोशीस पडत नाही. त्रिमित प्लॅटफॉर्मरमध्ये चालणे हाच खेळ असल्याने प्रत्येक दहा-वीस पावलांना नवी युक्ती लागते, आणि प्रत्येक युक्ती हाताने मापून, शेकडो वेळा उड्या मारून तपासावी लागते. साध्या अंगाची लांबी नसलेली, नुसत्या पदराचीच पैठणी विणावी तसा हा उद्योग आहे. निन्टेन्डोत मारिओचे अनेक खेळ घडविणाऱ्या कोइची हायाशिदा याने आपल्या रचनेची पद्धत चिनी चौपदी काव्याच्या जुन्या परंपरेशी जोडून सांगितली आहे: आधी नव्या कल्पनेची निर्धोक जागी ओळख करून द्यायची, मग ती वाढवायची, तिसऱ्या टप्प्यात तिला अनपेक्षित कलाटणी द्यायची, आणि चौथ्यात समाप्ती करून पुढच्या प्रदेशात नवीच कल्पना आणायची. कलेच्या दृष्टीने हे फार सुंदर; परंतु पाच-सात मिनिटांत एक कल्पना खर्ची घालून टाकून देण्याची ही उधळपट्टी ज्यास परवडेल त्यानेच ती करावी. शिवाय असा खेळ एकदा संपला की पुन्हा पुन्हा पैसे भरण्याचे कारण उरत नाही. आज या धंद्यातील मोठा पैसा एकाच खेळात वर्षानुवर्षे गुंतवून ठेवून, ऋतूगणिक नवे पोशाख व नव्या स्पर्धा विकण्यात आहे. ज्याचा प्राणच एकदाच्या नवलाईत आहे, त्याच्याकडून ही हप्तेबंदी कशी वसूल व्हावी?

गिऱ्हाइकाच्या बाजूनेही एक अडचण आहे, आणि ती मारिओच्याच आकड्यांत दिसते. निन्टेन्डोच्या वी यंत्रावरील 2007 सालच्या ‘सुपर मारिओ गॅलक्सी’ या त्रिमित खेळाची अनेक जाणकार आजवरच्या सर्वोत्तम खेळांत गणना करतात. त्याच्या सव्वा कोटीहून अधिक प्रती खपल्या. दोनच वर्षांनी त्याच वी यंत्रावर आलेल्या, जुन्या सपाट पद्धतीच्या ‘न्यू सुपर मारिओ ब्रदर्स वी’च्या मात्र तीन कोटींच्या वर. यंत्र तेच, नायक तोच. फरक होता तो तिसऱ्या मितीचा. आजी, आजोबा, कधी न खेळलेली मावशी यांना डावे-उजवे कळते. एका अंगठ्याने नायक आणि दुसऱ्याने कॅमेरा वळवायचा म्हटले की त्यांची तारांबळ उडते, काहींना तर भोवळही येते. निन्टेन्डोने हे ओळखून 2011 मध्ये ‘सुपर मारिओ थ्रीडी लँड’ काढला, ज्यात जग त्रिमित पण कॅमेरा बव्हंशी बांधलेला. तरीही 2017 सालच्या ‘सुपर मारिओ ओडिसी’ने पुन्हा मोकळे रान दिले, आणि त्याच्या 2 कोटी 80 लाखांहून अधिक प्रती गेल्या. दहा वर्षांत लोकांचे अंगठे तयार झाले होते, हे त्याचे एक कारण असावे; ज्यावर तो चालतो ते निन्टेन्डोचे स्विच हे यंत्रच अफाट खपले, हे दुसरे आणि अधिक रोकडे कारण.

येथे निन्टेन्डोचा हिशेब इतरांहून वेगळा कसा आहे ते समजून घेतले पाहिजे. ही कंपनी खेळही करते आणि ज्यावर तो चालतो ते यंत्रही विकते. मारिओचा खेळ स्वतःच्या विक्रीतून पैसा आणतोच, पण त्यासाठी लोक यंत्र घेतात, यंत्र घेतल्यावर इतर खेळ घेतात, आणि त्या इतर खेळांवरही निन्टेन्डोची दस्तुरी चालू राहते. शिवाय ही मंडळी आपल्या खेळांच्या किमती वर्षानुवर्षे उतरवीत नाहीत. 2023 साली मारिओवर जो चित्रपट निघाला त्याने जगभर 130 कोटी डॉलरांहून अधिक गल्ला जमविला. म्हणजे उडी मारणारा तो देह आता एक स्वतंत्र इस्टेट झाला आहे. 2025 च्या जुलैमध्ये, नवे स्विच 2 यंत्र येऊन दीड महिना झाला नाही तोच, ‘ओडिसी’च्याच चमूने ‘डाँकी काँग बनान्झा’ आणला. त्यात जमीन हवी तेथे फोडता येते. परिणामी नायक भुयारात शिरला की कॅमेऱ्याने कोठे जावे हा जुना प्रश्न नव्याने उपटला, आणि आड येणारी माती पारदर्शक करून त्याचे निवारण करावे लागले. असल्या प्रयोगाचा खर्च यंत्र विकणाराच सोसू शकतो. सोनीचेही तेच. अ‍ॅस्ट्रोचा आधीचा खेळ 2020 साली प्रत्येक प्लेस्टेशन 5 बरोबर फुकट दिला होता, तो नव्या कंट्रोलरचे गुण गिऱ्हाइकाच्या तळहातावर पटवून देण्यासाठी. मग 2021 साली टोकियोतील जुनी जपान स्टुडिओ ही शाखा आटोपती घेतली, आणि तिच्यातून अ‍ॅस्ट्रो घडविणारा, पुढे साठ-पासष्ट जणांचा झालेला, चमू तेवढा राखला. 15 लाख प्रती तीनशे माणसांच्या कारखान्यास बुडवतील. साठ माणसांच्या, यंत्राची जाहिरातही करणाऱ्या, चमूस त्या शोभून दिसतात.

दुसऱ्या टोकाला लहान मंडळींची धडपड आहे. रेअर सोडून आलेल्या कारागिरांनी प्लेटॉनिक नावाची कंपनी काढून 2015 साली ‘यूका-लेली’साठी लोकवर्गणी मागितली, मागणी पावणेदोन लाख पौंडांची, ती 38 मिनिटांत पुरी झाली, आणि अखेर 73 हजारांहून अधिक लोकांनी वीस लाख पौंडांच्या वर रक्कम दिली. एवढी आतुरता असताना हा प्रकार मृत कसा म्हणावा? पण 2017 साली खेळ हाती आला तेव्हा पुष्कळांचा हिरमोड झाला. जुन्या खेळाची आठवण जपताना जुना चुकार कॅमेरा आणि जुनी रिकामी मैदानेही जपली गेली होती, आणि बालपणाच्या आठवणीवर उभे राहिलेले भांडवल एकदाच जमा होते. त्याच वर्षी कोपनहेगनच्या एका लहान चमूने ‘अ हॅट इन टाइम’ पुरा केला. 2013 साली त्यांनी अवघे 30 हजार डॉलर मागितले होते, मिळाले सुमारे तीन लाख. त्यावर वर्षानुवर्षे राबून त्यांनी असा खेळ रचला की एका अंकात आगगाडीतला खून, दुसऱ्यात चित्रपटाचे शूटिंग, तिसऱ्यात भुताटकीचे घर. विस्तार थोडा, विविधता फार. खेळाडूंना स्वतःचे प्रदेश रचून इतरांना देण्याची मुभा ठेवली, आणि पुढची कितीतरी वर्षे त्याची विक्री चालू राहिली. या दोहोंची तुलना करणाऱ्यास मी तरी असे सांगेन की जुन्या माणसांचे जुने नाव हे पहिल्या आठवड्यापुरते चलन आहे. सोनिक या प्रसिद्ध पात्राच्या जनकांपैकी एक, युजी नाका, याने 2021 साली मोठ्या प्रकाशकाच्या पाठबळावर ‘बालन वंडरवर्ल्ड’ काढला, आणि त्याची झालेली वाताहत याच मतास पुष्टी देते.

आणि तरीही, या साऱ्या हिशेबात एक मोठे उत्पन्न नेहमी गळते, कारण ते दुसऱ्याच्या नावे जमा होते. स्वीडनच्या हेझलाइट कंपनीचा ‘इट टेक्स टू’ हा 2021 चा खेळ पाहा: घटस्फोटाच्या उंबरठ्यावरील नवराबायको बाहुल्यांच्या देहात अडकतात, आणि दोघांनी एकमेकांच्या साहाय्याने उड्या मारीत आपल्याच घराचा कपाट-माळा ओलांडायचा. त्यास लोक सहकारी साहसखेळ म्हणतात, पण त्यातली बहुतेक कसरत धावण्याची आणि उडण्याची आहे. एकाने प्रत घेतली की दुसऱ्यास फुकट सामील होता येते. अशा उदार अटीवर तो 2 कोटींहून अधिक खपला. रोब्लॉक्स या ऑनलाइन मंचावर तर मुलेच मुलांसाठी अडथळ्यांच्या शर्यती रचतात, त्यांना ती ‘ऑबी’ म्हणतात, आणि ‘टॉवर ऑफ हेल’सारख्या एकेका शर्यतीच्या भेटींची मोजदाद अब्जांत होते. रचना ओबडधोबड, सावल्या वेड्यावाकड्या, कलाटणीबिलाटणी काही नाही. पण दहा वर्षांच्या मुलास मित्रांदेखत मनोऱ्यावरून कोसळण्यात जी गंमत वाटते तिच्यापुढे कारागिरी फिकी पडते. या मुलांना तुम्ही त्रिमित प्लॅटफॉर्मर खेळता असे सांगितले तर ती तोंडाकडे पाहत राहतील.

आपल्याकडे या प्रश्नाला हात घालणारे एक उदाहरण पुण्याचे आहे. नॉडिंग हेड्स गेम्स या तेथील लहान कंपनीने ‘राजी: अ‍ॅन एन्शंट एपिक’ हा खेळ रचावयास घेतला, तेव्हा लोकवर्गणीचा त्यांचा प्रयत्न फसला, तरी काम न सोडता 2020 साली त्यांनी तो प्रसिद्ध केला, आणि त्याच वर्षी पदार्पणाच्या उत्तम खेळांच्या आंतरराष्ट्रीय नामांकनात त्याचे नाव लागले. धाकट्या भावाला असुरांपासून सोडवायला निघालेली डोंबाऱ्याच्या खेळातली मुलगी ही नायिका. कोलांट्या, भिंतीवरून धावणे, खांबांवर चढणे हे तिचे अंगभूत कसब. शुद्ध अर्थाने हा प्लॅटफॉर्मर नव्हे, त्यात लढाई पुष्कळ आहे. परंतु रचनाकारांनी कॅमेरा स्वतःच्या ताब्यात ठेवला, त्यामुळे राजवाड्यांची आणि भित्तिचित्रांची दृश्ये ज्या कोनातून शोभतात त्याच कोनातून ती दिसतात आणि खेळणाऱ्याचा दुसरा अंगठा मोकळा राहतो. मोजक्या माणसांच्या चमूने शोधलेली ही काटकसर मला फार शहाणपणाची वाटते. तो खेळ कन्सोल आणि संगणक बाळगणाऱ्या परदेशी गिऱ्हाइकांपुढे मांडावा लागला, याचे कारणही उघड आहे: येथे खेळ मुख्यत्वे फोनवर चालतात, फुकट मिळण्याची वहिवाट आहे, आणि काचेवर अंगठा ठेवला की जेथे उडी मारायची तोच कडा अंगठ्याखाली झाकला जातो. उद्या पुण्यात किंवा पणजीत कोणी पाच-सहा जण असला खेळ काढू म्हणतील, तर त्यांनी सहा तासांहून मोठा खेळ रचू नये, कॅमेरा बांधून ठेवावा, डिजिटल दुकानाची शेकडा तीसच्या घरातील दस्तुरी आरंभीच खर्चात धरावी, आणि प्रदेश, कथा, संगीत यांपैकी कशालाही हात लावण्यापूर्वी एका रिकाम्या खोलीत आपल्या नायकाला महिनाभर नुसते पळवून पाहावे.